चिनी माणूस दिवा 'उघडतो' तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनमधील इंग्रजी पाट्यांच्या गमतीजमतींचे एक सचित्र पान नुकतेच प्रसिद्ध झाले. त्यातील दोन पाट्या मी स्वतः पाहिलेल्या आहेत. एक हॉटेलच्या खोलीतील 'प्लीज क्लोज द लाइट', आणि दुसरी रेल्वे स्थानकातील 'ओपन वॉटर रूम'. पान वाचून घरात हशा पिकला, मीही त्यात सामील झालो. मात्र या छायाचित्रांखाली 'शब्दकोश हाताशी नसला की असे होते' अशी जी ओळ छापली होती, ती खटकली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पाटी लिहिणाऱ्याने शब्दकोश पाहिला होता, म्हणूनच तसे झाले.

मी व्यवसायाने विद्युत अभियंता. उमेदीची बहुतेक वर्षे चिंचवडच्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात गेली आणि निवृत्तीपूर्वीची तीन वर्षे त्याच उद्योगाच्या चीनमधील सुझौ येथील कारखान्यात. सुझौ हे शांघायच्या पश्चिमेला, वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर असलेले कालव्यांचे जुने शहर. तेथे १९९४पासून सिंगापूरच्या सहकार्याने मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. भाषेचा मी पंडित नव्हे. पण कारखान्यातील यंत्रचालक, भांडार सांभाळणाऱ्या दोन बाई आणि एक निवृत्त परिचारिका अशा नऊ-दहा जणांना मी आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा सराव देत असे, आणि त्या बदल्यात ते मला चिनी शिकवीत. या तीन वर्षांत एकाच इंग्रजी क्रियापदाने आम्हा सर्वांना जेवढे छळले आणि जेवढे शिकवले, तेवढे दुसऱ्या कोणी नाही. ते क्रियापद म्हणजे 'ओपन'.

चिनीत त्याचा जोडीदार शब्द आहे 'खाय'. रोमन लिपीत तो के, ए, आय असा लिहितात, त्यामुळे मराठी माणूस पहिल्या दिवशी हमखास 'काय' म्हणतो. पण त्यांच्या या अक्षराचा उच्चार महाप्राण, म्हणजे आपला ख. अल्पप्राण 'काय' हा त्यांच्याकडे निराळाच शब्द असून त्याचा अर्थ 'करायला हवे' असा काहीसा आहे. पहिला महिनाभर मी 'दार उघडा' म्हणत होतो आणि समोरच्याला 'दार हवे' असे काहीतरी ऐकू येत असावे. (पुढील सर्व चिनी शब्द मी कानाला जसे ऐकू आले तसे लिहीत आहे. स्वरांचे चढउतार देवनागरीत दाखवता येत नाहीत, याबद्दल जाणकारांनी क्षमा करावी.)

आता हा खाय काय काय करतो ते पाहावे. 'खाय मन' म्हणजे दार उघडणे. येथपर्यंत ओपन आणि खाय हातात हात घालून चालतात. पण 'खाय तंग' म्हणजे दिवा लावणे. दूरचित्रवाणी संच, पंखा, वातानुकूलन यंत्र हे सारे खाय करायचे. मोटार चालवणे हेही खाय, विमान चालवणे हेही खाय आणि होडी हाकणे हेही खाय. 'खाय ह्वे' म्हणजे सभा किंवा बैठक घेणे. डॉक्टर औषध लिहून देतो ते 'खाय याव'. दुकानदार कराची अधिकृत पावती करून देतो ते 'खाय फाफ्याव'. थट्टा करणे हेसुद्धा खाय. फूल उमलते तेव्हा 'खाय ह्वा', मन प्रसन्न होते तेव्हा 'खाय शिन', म्हणजे शब्दशः हृदय उघडते. येथे मराठी माणसाला 'कळी खुलली' आठवल्याशिवाय राहत नाही. आणि पाणी उकळले की ते 'खाय श्वे'. चीनमध्ये बहुतेक सर्व जण उकळलेले पाणी गरमच पितात, त्यामुळे रेल्वेगाड्यांत आणि स्थानकांवर उकळत्या पाण्याची स्वतंत्र सोय असते. तीच आपली 'ओपन वॉटर रूम'. ज्याने ती पाटी रंगवली त्याने खाय या अक्षरापुढे कोशात जो पहिला इंग्रजी शब्द सापडला तो लिहिला, श्वेपुढे 'वॉटर' सापडला तो लिहिला, आणि प्रामाणिकपणे घरी गेला.

या अक्षराचे जुने रूप मला आमच्या वर्गातील परिचारिकाबाईंनी वहीत काढून दाखवले होते. दोन दारे असलेली चौकट, दारांमागे आडवा अडसर, आणि अडसराखाली तो उचलणारे दोन हात. १९५६च्या लिपीसुधारणेपासून मुख्य भूमीवरील चीनमध्ये अक्षरे सोपी करण्यात आली, तेव्हा या अक्षरातील चौकट आणि दारे गेली आणि नुसता अडसर व हात उरले. बाई हसून म्हणाल्या, "आता उघडायचे काय, ते तुम्हीच ठरवा." गमतीने बोललेले हे वाक्य मला मात्र व्याकरणाच्या नियमासारखे वाटले. इंग्रजी ओपनला दार लागते. म्हणजे आत आणि बाहेर असे दोन भाग असलेली, झाकलेली किंवा मिटलेली एखादी वस्तू लागते. पेटी, पुस्तक, डोळा, पाकीट, छत्री, आणि जरा लांबच्या अर्थाने दुकान, बँकेतील खाते, संगणकावरील फाइल. चिनी खायला दार लागत नाही. अडलेले काही मोकळे करून चालते केले, एवढे त्याला पुरते.

दोहोंत आणखी एक फरक आहे, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी ज्यांना भेटलो त्यांना शिकवला गेला नव्हता. इंग्रजी ओपन ही क्षणात आटोपणारी क्रिया आहे. दार उघडले, काम संपले, पुढे दार उघडे आहे ही नुसती स्थिती. चिनी खाय मात्र चालू केल्यानंतर चालू ठेवण्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे आमच्या वर्गातील एक तरुण पहिल्याच दिवशी ओळख करून देताना म्हणाला, "माय फादर ओपन्स अ रेस्टॉरंट." मला वाटले, वडील रोज सकाळी कुलूप काढत असतील. त्याला म्हणायचे होते की वडिलांचे खाणावळीचे दुकान आहे, ते ती चालवतात. तेथे इंग्रजीला 'रन' हवे. 'वी ओपन्ड अ मीटिंग फॉर टू अवर्स' या वाक्याचेही तसेच. 'द चेअरमन ओपन्ड द मीटिंग' हे इंग्रजी वाक्य अगदी शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ अध्यक्षांनी सभेला सुरुवात केली एवढाच. सुरुवात दोन तास चालत नसते, म्हणून दोन तासांच्या बैठकीला 'हॅड' किंवा 'हेल्ड' लागते. मोटारीबाबत तर घोटाळा पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकेल. 'आय ओपन्ड हिज कार' असे कोणी इंग्रजीत सांगितले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की याने दुसऱ्याच्या गाडीचे दार उघडले. सांगणाऱ्याने मात्र मित्राची गाडी त्याच्या परवानगीने घरापर्यंत चालवत नेलेली असते.

हे सारे गमतीत सोडून देता आले असते, जर एक प्रसंग घडला नसता. कारखान्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, आणि दोष कोणा एकाचा नव्हता. एका शनिवारी देखभालीसाठी एका यंत्राचा वीजपुरवठा तोडायचा होता. रात्रपाळीच्या तरुण यंत्रचालकाने, जो वीजतंत्री नव्हता, सकाळच्या पाळीसाठी इंग्रजीत निरोप लिहून ठेवला, कारण तो मी वाचणार होतो. निरोप चार शब्दांचा होता : 'मेन स्विच इज ओपन'.

विजेच्या धंद्यातील कोणीही या वाक्याचा एकच अर्थ घेईल. आमच्या भाषेत स्विच ओपन म्हणजे संपर्क सुटलेला, मंडल तुटलेले, वीज बंद. क्लोज म्हणजे संपर्क जुळलेला, वीज चालू. पुण्यातील साधा वायरमनसुद्धा 'सर्किट ओपन झालंय' म्हणतो तेव्हा वीज पुढे जात नाही असेच त्याला सांगायचे असते. मी निरोप वाचला, हातमोजे चढवले आणि पॅनेलचे झाकण काढले. आता, हात घालण्यापूर्वी टेस्टर लावून पाहायचे ही सवय मला चिंचवडच्या एका जुन्या फोरमनने पहिल्या आठवड्यातच लावली होती, आणि त्या सवयीचे मी ऋण मानतो. तिन्ही फेज जिवंत होते. त्या मुलाने लिहिले होते ते त्याच्या हिशेबाने अगदी खरे होते. मुख्य स्विच 'खाय' स्थितीत आहे, म्हणजे चालू आहे, आल्यावर तुम्ही तो बंद करून घ्या, असा तो निरोप होता.

या प्रसंगानंतर मी खाय हा शब्द पहिल्यांदा नीट तपासला, आणि जे आढळले ते मोठे विलक्षण होते. स्विचला चिनीत म्हणतात 'खायक्वान', शब्दशः उघड-मीट. त्यातील खाय म्हणजे चालू. पण वीज तोडणे याला तेथील वीजतंत्री म्हणतात 'त्वानखाय', आणि त्यातही तोच खाय आहे. तेथे त्याचा अर्थ 'अलग' असा होतो, जसा निघून जाणे, वेगळे होणे, बाजूला सरणे या अर्थाच्या अनेक चिनी क्रियापदांच्या शेवटी तो होतो. म्हणजे एकाच अक्षराच्या एका अर्थाने वीज येते आणि दुसऱ्या अर्थाने जाते. चिनी वीजतंत्र्यांना हा धोका माहीत असावा, कारण त्यांच्या सर्किट ब्रेकरवर खाय लिहिलेलेच नसते. तेथे 'जुळलेले' आणि 'वेगळे' या अर्थांची दोन निराळी अक्षरे असतात. गोंधळ होतो तो सामान्य माणसाच्या बोलीतून, आणि तो इंग्रजीत उतरला की दुप्पट होतो. कारण इंग्रजीतही ओपन एकमुखी नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह ओपन केला की प्रवाह सुरू होतो, विजेचा स्विच ओपन केला की प्रवाह थांबतो. नळकामवाला आणि वीजवाला शेजारी उभे राहून एकच शब्द उलट अर्थाने वापरतात आणि दोघेही बरोबर असतात. आम्ही त्यानंतर कारखान्यात स्विचसाठी ओपन आणि क्लोज हे दोन्ही शब्द लेखी निरोपातून हद्दपार केले आणि फक्त ऑन, ऑफ ठेवले. ब्रेकरच्या दांड्यावर कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावण्याचा नियम होताच, तो रात्रपाळीलाही सक्तीचा केला.

वर्गातही मी पद्धत बदलली. तोपर्यंत मी चूक झाली की दुरुस्त वाक्य सांगत असे. ते वाक्य पाठ होई आणि पुढच्या आठवड्यात नवी चूक येई. नंतर मी त्यांना खायच्या पुढे येणाऱ्या नामांची यादी चिनीतच करायला लावली आणि प्रत्येक नामासमोर इंग्रजीत कोणते क्रियापद बसते ते लिहून घेतले. दार, पेटी, दुकान, खाते यांच्यासमोर ओपन. दिवा, पंखा, संच यांच्यासमोर 'टर्न ऑन'. गाडीसमोर 'ड्राइव्ह', बैठकीसमोर 'हॅव' किंवा 'होल्ड', औषधासमोर 'प्रिस्क्राइब', पावतीसमोर 'इश्यू' किंवा साधे 'गिव्ह'. थट्टेसमोर क्रियापदच निराळे. पाण्यासमोर 'बॉइल'. परिचारिकाबाईंच्या तोंडी तोवर 'डॉक्टर ओपन्ड मी थ्री मेडिसिन' हे वाक्य घट्ट बसले होते. आयुष्य रुग्णालयात गेलेल्या त्या बाईंना 'प्रिस्क्राइब' हा शब्द माहीत होता, पण तो चिठ्ठीवरचा शब्द, बोलण्याचा नव्हे, असे त्या समजत. यादीत तो खायच्या घरात दिसला तेव्हा कुठे तो त्यांच्या जिभेवर आला.

टर्न ऑनने थोडा त्रास दिला, तो शब्दक्रमाचा. 'टर्न ऑन द लाइट' चालते, 'टर्न द लाइट ऑन' चालते, 'टर्न इट ऑन' चालते, पण 'टर्न ऑन इट' चालत नाही. याचे कारण विचारले तर मला सांगता येत नव्हते. शेवटी त्यांच्याच भाषेतील एक रचना मदतीला आली. चिनीत 'पा' हा शब्द लावून कर्म क्रियापदाच्या आधी आणता येते. त्या रचनेत 'ते' हे सर्वनाम आधी आणि उघडण्याचा परिणाम दाखवणारा खाय सर्वात शेवटी येतो. मी म्हटले, इंग्रजीतला ऑन हा तुमच्या शेवटच्या खायसारखा समजा, आणि 'इट'ला कधीही त्याच्यामागे उभे करू नका. भाषाशास्त्रज्ञ यावर नाक मुरडतील, पण वर्गाचे काम भागले.

ओपनचा आणखी एक काटा त्यांना बोचतो, आणि आपल्या मुलांना सहसा बोचत नाही. दुकानावरील पाटीवर 'क्लोज्ड' लिहितात, शेवटी डी असतो. मग उघड्या दुकानावर 'ओपन्ड' का नाही? चिनी विद्यार्थी तर्कशुद्ध असल्यामुळे 'द बँक इज ओपन्ड' असेच लिहितो. इंग्रजीत ओपन हे विशेषणही आहे आणि क्रियापदही, 'क्लोज'चे विशेषण म्हणून मात्र दुसराच, 'जवळ' असा अर्थ होतो, म्हणून तेथे क्लोज्ड लागते. मराठीत 'उघडे' आणि 'उघडलेले' असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे आपल्या कानाला ही गोष्ट ओळखीची वाटते. चिनीत दिवा, दार आणि गाडी या तिघांनाही खायपुढे एकच प्रत्यय लावून 'चालू आहे', 'उघडे आहे', 'चालवली जात आहे' हे सांगता येते. 'द लाइट इज ओपन' तेथून येते.

उलट दिशेनेही पाय घसरतो, हे मी स्वतः घसरून शिकलो. वर्गात मी एकदा ऐटीत चिनीत म्हणालो, पुस्तक उघडा, 'खाय शू'. सगळे गप्प. पुस्तकाला नुसते खाय चालत नाही. पाने उलटून उघडायचे असते, म्हणून 'फानखाय'. डोळे उघडायचे ते 'चंगखाय', दार ढकलून उघडायचे ते 'थ्वेखाय', ओढून उघडायचे ते 'लाखाय'. उघडले हे सांगताना कसे उघडले हेही चिनी माणूस पहिल्याच शब्दात सांगून टाकतो. याचा त्यांना इंग्रजीत मोठा फायदा होतो, आणि तो कोणी त्यांना सांगत नाही. 'ही पुश्ड द डोअर ओपन' हे अस्सल इंग्रजी वाक्य मराठी विद्यार्थ्याला लवकर सुचत नाही, तो 'ही ओपन्ड द डोअर बाय पुशिंग इट' असे लांबण लावतो, कारण आपण 'ढकलून' उघडतो. चिनी विद्यार्थ्याला मात्र ती घडण आयती हाती असते. माझ्या वर्गातील सर्वांत कच्च्या मुलाने 'किक ओपन', 'टेअर ओपन', 'कट ओपन' एका संध्याकाळी उचलले.

आता हसण्याविषयी. एखाद्या चिनी माणसाने मराठी शिकून त्याच न्यायाने आपल्याकडे पाहिले तर त्याला काय दिसेल? संध्याकाळी आई म्हणते, "दार लाव आणि दिवा लाव." एकच क्रियापद, पण दार मिटते आणि दिवा सुरू होतो. गाडी लावली म्हणजे ती थांबवून ठेवली, पंखा लावला म्हणजे तो फिरू लागला. शाळा अकराला भरते आणि पाचला सुटते. सभा भरवतात. दुकानदार पावती फाडतो, आणि ती फाडल्यावर ग्राहक रागावत नाही, जपून खिशात ठेवतो. चिनी दुकानदाराची 'ओपन' केलेली पावती आणि आपली 'फाडलेली' पावती यांत अधिक हास्यास्पद कोणती, हे मी वर्गाला विचारले होते, आणि कौल माझ्याविरुद्ध गेला. त्याहून मोठी फजिती पावसाची. सुझौला जूनमध्ये आठवडेच्या आठवडे झिमझिम चालते. एके दिवशी ती थांबली, आणि मी आनंदाने म्हणालो, "द रेन हॅज ओपन्ड." त्यांनी छत्र्या उघडल्या. 'पाऊस उघडला' याचा अर्थ पाऊस थांबला असा होतो, हे पटवून देण्यात माझी अर्धी तासिका गेली. आणखी एकदा वीजपुरवठा खंडित झाल्यावर 'लाइट हॅज गॉन' असे म्हणून मी स्वतःचे हसे करून घेतले होते, तो प्रसंग विस्तारभयास्तव सोडतो.

म्हणून मूळ मुद्द्याकडे येतो : शब्दकोश. चीनमध्ये इंग्रजी हा परीक्षेचा विषय आहे. महाराष्ट्राने २०००पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, चीनने २००१पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून. माझ्या वर्गातील बहुतेकांची शाळा त्याआधीची, त्यांची सुरुवात सातवीपासून, जशी आमच्या पिढीची मराठी शाळेत पाचवीपासून. महाविद्यालयात १९८७पासून इंग्रजीची राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आहे आणि तिच्यासाठी हजारो शब्दांच्या याद्या वर्णानुक्रमे पाठ केल्या जातात. अशा याद्यांचा पहिला शब्द पुष्कळदा 'अबँडन', म्हणजे सोडून देणे, असा असतो, आणि पहिल्याच शब्दावर अभ्यास सोडून दिला हा तेथील विद्यार्थ्यांचा नेहमीचा विनोद आहे. मी पाहिलेल्या अशा एका वहीत ओपनसमोर एकच शब्द होता, 'ताखाय', आणि पुढची ओळ दुसऱ्या शब्दाची. हा एकास एक हिशेब हीच सारी गफलत आहे. विद्यार्थी आळशी नसतो, त्याने यादी तोंडपाठ केलेली असते, आणि यादी त्याला खड्ड्यात घालते.

वास्तविक यावरचा उपाय पूर्व आशियातच, आणि फार पूर्वी शोधला गेला होता. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे दोन सहकारी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी खास परभाषक विद्यार्थ्यांसाठी एक इंग्रजी कोश रचला. तो १९४२मध्ये टोकियोत छापला गेला आणि युद्धानंतर, १९४८मध्ये, ऑक्सफर्डने तो जगापुढे आणला. त्याचे वैशिष्ट्य असे की क्रियापदाचा नुसता अर्थ न देता ते कोणत्या रचनेत चालते आणि कोणत्या चालत नाही, हे त्याने सांगितले. त्याच वाटेने पुढे गेलेले कोश आज आहेत. पण परीक्षेच्या घाईत असलेला विद्यार्थी जाड कोश उघडत नाही, बारीक वही उघडतो. आपल्याकडील 'तीस दिवसांत इंग्रजी' छापाच्या पुस्तकांतही 'लावणे' या शब्दासमोर एकच इंग्रजी क्रियापद असते आणि त्याचे प्रताप आपण रोज ऐकतो, त्यामुळे याबाबतीत चिनी प्रकाशकांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

'ओपन द लाइट' ही खरोखर चूक आहे का, असाही प्रश्न मला एकदा विचारण्यात आला. सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँगमध्ये घरगुती इंग्रजीत हे वाक्य सर्रास ऐकू येते, फिलिपिन्समध्येही येते. एवढेच नव्हे, तर कॅनडातील क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये दिवा 'उघडतात' आणि 'मिटतात', आणि माँट्रियलच्या काही इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडीही ते उतरले आहे. तेथे चिनी भाषेचा काही संबंध नाही. तेव्हा ही खास 'चिनी' चूक म्हणणे योग्य नव्हे. माझे मत असे की, जेवणाच्या टेबलाशी कोणी 'ओपन द लाइट' म्हटले तर दिवा लावावा आणि गप्प राहावे. पत्रात, परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत ते चालणार नाही, हे मात्र शिकवणाऱ्याने स्पष्ट सांगावे. आणि पॅनेल रूममध्ये, रुग्णालयात, विमानतळावर, जेथे क्रियापद चुकले तर माणूस दगावू शकतो, तेथे सौजन्य बाजूला ठेवून तो शब्दच वापरू देऊ नये. सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजी पाट्यांसाठी चीनने राष्ट्रीय मानक ठरवून ते डिसेंबर २०१७पासून लागू केले आहे, त्यामुळे आपल्या पानावरील गमतींपैकी बऱ्याच आता जुन्या झाल्या असाव्यात. घरातील आणि कारखान्यातील हस्तलिखित चिठ्ठ्यांना मात्र कोणतेही मानक पोहोचत नाही.

आपण त्या पानाबद्दल खुलासा छापावा असा माझा आग्रह नाही. मात्र 'ओपन वॉटर रूम'चे छायाचित्र पुन्हा कधी छापण्याचा योग आलाच, तर शब्दकोशाची ती ओळ काढून खाली एवढेच लिहावे, ही विनंती : येथे चहासाठी उकळते पाणी मोफत मिळते, पेला आपला आपण आणावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता
चिंचवड, पुणे